‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’मध्ये नेमकं ऐकायचं काय?

मध्यलय

थेट विचारतो. एथिस्ट या अमेरिकन डेथ मेटल बँडचा ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ (१९९१) हा अल्बम सध्या रोज ऐकतोय. मेटल मला नवीन नाही. जुनं हेवी मेटल, थ्रॅश, थोडंफार डेथ मेटलही आवडीनं ऐकतो. जड, संथ, मान डोलवायला लावणारा रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची छोटी चाल) असला की मी खूश असतो. पण टेक्निकल डेथ मेटल (गुंतागुंतीचे ताल आणि अवघड वादन असलेलं) म्हणतात तिथे माझी गाडी अडते, आणि या अल्बमपाशी तर फारच.

आठ गाणी, जेमतेम बत्तीस मिनिटं. तरी संपल्यावर एकही चाल डोक्यात राहत नाही. एखाद्या रिफवर मान डोलायला लागावी, तोवर तो रिफ गेलेला असतो. ताल सापडला म्हणेपर्यंत बदलतो. गिटारींचा आवाज मला पातळ वाटतो, या संगीतात जो भारदस्तपणा अपेक्षित असतो तो नाही. गायकाचा आवाज घसा खरवडल्यासारखा, त्यात ना खर्ज ना सूर.

वाजवणारे तयारीचे आहेत हे कळतं. पण तयारीला दाद देणं वेगळं आणि गाणं आवडणं वेगळं. कसरत बघून मी टाळ्या वाजवीन, पण तीच कसरत रोज बघायला जाणार नाही. आणि इथे तर मी रोज जातोय, त्याचंच मला कोडं पडलंय. न आवडणारी गोष्ट पुन्हा पुन्हा का लावतोय?

ज्यांना हा अल्बम मनापासून आवडतो त्यांनी सांगावं. कौशल्य बाजूला ठेवलं तर यात उरतं काय? आणि ऐकायची सुरुवात कुठून करायची? ‘कान तयार व्हावा लागतो’ एवढंच कृपया लिहू नका. तयार कशासाठी व्हायचा, ते सांगा.

चारतारी

बेसपासून सुरुवात करा. मी स्वतः बेस वाजवतो म्हणून पक्षपात करतोय असं वाटेल, पण या अल्बमचं दार खरंच त्या बाजूला आहे.

तुम्ही म्हणता गिटारी पातळ आहेत. अगदी बरोबर ऐकलंत. आता त्या पातळ का आहेत ते बघा. त्या काळच्या बहुतेक डेथ मेटलमध्ये गिटारींचे सूर खाली उतरवलेले, डिस्टॉर्शन (आवाजाला मुद्दाम आणलेली खरखर) भरपूर, आणि खालची सगळी जागा त्यांनीच व्यापलेली. बेस असतो, पण गिटारचाच रिफ एक सप्तक खाली वाजवतो. तो काढून टाकला तर ‘काहीतरी कमी झालं’ एवढंच कळेल, काय कमी झालं ते सांगता येणार नाही. एथिस्टच्या गिटारी कोरड्या आहेत. त्या खाली पसरत नाहीत, मधल्या पट्टीत आपली जागा धरून बसतात. त्यामुळे बेसला स्वतःचं अंगण मिळालंय. या अल्बमवरचा बेसवादक टोनी चॉय, त्याचा बेस तिथे मोकळा फिरतो, गिटारच्या मागे मागे नाही. बोटांनी वाजवलेला, प्रत्येक स्वराला टोक असलेला बेस आहे हा. भारदस्तपणा तुम्ही गिटारीत शोधताय. या बँडनं तो सोडून दिला आणि त्या बदल्यात दुसरी एक स्वतंत्र चाल मिळवली.

करून बघा. ‘मदर मॅन’ लावा, चांगला हेडफोन घ्या आणि पूर्ण गाणंभर फक्त बेस ऐका. गिटार, गाणं, ड्रम यांच्याकडे लक्ष गेलं तर परत आणा. मग लगेच तेच गाणं फक्त गिटारसाठी ऐका. तिसऱ्यांदा काहीच ठरवू नका. दोन माणसं एकाच वेळी बोलतायत आणि तरी एकमेकांचं नीट ऐकतायत, असं काहीतरी तुम्हाला तिसऱ्या वेळी ऐकू येईल. तुम्ही रोज तिकडे ओढले जाताय ना, त्याचं कारण मला वाटतं हेच आहे. कानाला दुसरा आवाज लागलाय, पण तुमचं लक्ष अजून रिफ शोधतंय.

आता या बेसमागची हकीकत. मला तरी ती बाजूला ठेवून हा अल्बम ऐकता येत नाही.

या चाली मुळात टोनी चॉयच्या नाहीत. त्या रॉजर पॅटरसनच्या. तो एथिस्टचा बेसवादक, पहिला अल्बम ‘पीस ऑफ टाइम’ त्याच्यासोबतच झाला. नव्या अल्बमची गाणी त्यानं बाकीच्यांबरोबर बसून बांधली, डेमोही रेकॉर्ड केले. मग फेब्रुवारी १९९१मध्ये कँडलमास या बँडबरोबरचा दौरा आटोपून परतताना बँडच्या व्हॅनला अपघात झाला आणि पॅटरसन गेला. गाणी तयार, ती बांधणारा नाही. त्या वेळी सिनिक या बँडमध्ये असलेल्या चॉयनं ती बेसची कामं शिकून घेतली आणि त्याच वर्षी फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत निर्माता स्कॉट बर्न्सच्या हाताखाली अल्बम रेकॉर्ड झाला.

चॉयच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मित्र गमावलेल्या तीन माणसांच्या खोलीत तुम्ही जाताय. जो गेला त्याच्या बोटांच्या सवयींतून निघालेल्या चाली तुम्हाला स्वतःच्या बोटांत उतरवायच्यात, आणि तरी त्या जिवंत वाजल्या पाहिजेत. नुसती नक्कल केली असती तर मिक्समध्ये (सगळी वाद्यं एकत्र जुळवताना) बेस इतका पुढे आणायची कुणाला गरज वाटली नसती. पुढे आणलाय तो सगळ्यांनी मिळून आणलाय असं मला वाटतं. अल्बमच्या नावाकडे या नजरेनं बघितलं की मला दर वेळी गलबलून येतं. नाव त्या अर्थानं ठेवलं होतं असा माझा दावा नाही, ऐकताना मला तसं होतं एवढंच.

वाजवायला हे कसं आहे, तेही सांगतो. ‘मदर मॅन’मधली बेसची मुख्य चाल मी अजूनही पूर्ण वेगात सलग वाजवू शकत नाही. अर्ध्या वेगात लूप लावून बसलो की एक गोष्ट लक्षात येते: अवघड वेग नाहीच. तर्जनी आणि मध्यमा आलटून पालटून तारेवर पडतात, तेवढा वेग सरावानं येतो. अवघड आहे ते तार बदलणं. चाल जाड तारेवरून बारीक तारेवर उडी घेते ती नेमकी अशा ठिकाणी, जिथे उजव्या हाताचं चुकीचं बोट पुढे आलेलं असतं. तिथे हात अडखळतो, आणि अडखळला की जोर कमी पडतो, आणि जोर तर नेमका त्याच स्वरावर हवा असतो. ज्यानं ही चाल बांधली त्याला तो जोर तिथेच हवा होता. हाताला सोयीचं काय हे बघून त्यानं ती बांधलेली नाही, कानाला काय हवं ते बघून बांधली. ‘कौशल्य बाजूला ठेवलं तर काय उरतं’ या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. कौशल्य ज्या हट्टासाठी कमावलं, तो हट्ट उरतो.

तालाबद्दल. ड्रमर स्टीव्ह फ्लिनचे ड्रम ऐकताना खाली बघू नका, वर बघा. म्हणजे पायांनी वाजणाऱ्या डबल बेस ड्रमच्या मागे लागू नका, हातानं वाजणारी राइड आणि हाय-हॅट ही सिंबल (झांजा) ऐका. या शैलीत ड्रमरकडून ब्लास्ट बीटची अपेक्षा असते, सगळं एका सपाट वेगात भरून टाकायचं. फ्लिन ते फारसं करत नाही. रिफचा जोर एकीकडे असेल तर तो सिंबलवर भलतीकडेच जोर देतो. त्यामुळे एकच रिफ पुन्हा आला तरी वेगळा भासतो, आणि तुम्हाला वाटतं की सतत नवंच काहीतरी येतंय. तसं नाहीये. रिफ परत येतात. खालचा ठेका बदललेला असतो म्हणून ओळखू येत नाहीत. मधेच लॅटिन ढंगाचा एखादा झोकाही येतो आणि लगेच जातो. हे एकदा पकडलं की गाण्यांना आकार दिसायला लागतो. आधी ओळखीचं काही नव्हतं तिथे एकेक वळण ओळखीचं होत जातं आणि पुढचं वळण येण्याच्या जरा आधी अंग सावध होतं. माझं तर या अल्बमवरचं प्रेम त्या सावध होण्यातच आहे.

सहा_आठ

चारतारींनी छान लिहिलंय, तरी मी वेगळ्या बाजूनं बोलतो. टेक्निकल डेथ मेटल आवडायला लागायचं असेल तर एथिस्ट हे पहिलं दार नव्हे असं माझं ठाम मत आहे. नेक्रोफेजिस्टचा ‘एपिटाफ’ (२००४) घ्या.

कारण साधं आहे. मध्यलय यांची तक्रार ‘चाल राहत नाही’ अशी आहे. ‘एपिटाफ’मध्ये चाल राहते. जर्मनीतला बँड, मुहम्मद सुइचमेझ गिटार वाजवतो, गातो, गाणी त्याचीच. आठ गाणी, अल्बम याच्याएवढाच छोटा. त्यातले सोलो म्हणजे नुसती स्वरांची फैर नाही. स्वीप पिकिंगनं (एकाच झटक्यात तारांवरून पिक फिरवून) आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे सुटे सुटे स्वर, चढत जातात, पण खालची स्वरसंगती कुठून कुठे चाललीय ते प्रत्येक क्षणी कळतं, आणि सोलो जिथे संपायला हवा तिथेच संपतो. ‘ओन्ली अ‍ॅश रिमेन्स’च्या शेवटी प्रोकोफिएव्हच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ बॅलेमधलं सरदारांचं नृत्य येतं, ते ऐका. ते चिकटवलेलं वाटत नाही, कारण त्याआधीचं सगळं गाणं त्याच शिस्तीत बांधलंय.

आणि शिस्त हाच माझा मुद्दा. सुइचमेझनं १९९९चा पहिला अल्बम जवळजवळ एकट्यानं केला, ड्रम मशीन लावून. ‘एपिटाफ’वर हानेस ग्रोसमान ड्रमला आणि क्रिस्तियान म्युन्त्स्नर दुसऱ्या गिटारला आले, तरी नेमकेपणा तसाच राहिला. एकही स्वर इकडचा तिकडे नाही. मला त्या नेमकेपणात मोठी शांतता मिळते. एथिस्ट ऐकताना मात्र सारखं वाटत राहतं की हे आता सुटणार, आता विस्कटणार. त्या धाकधुकीत मला आनंद घेता येत नाही.

चारतारी

सहा_आठ, ‘एपिटाफ’ मलाही फार प्रिय आहे, त्याबद्दल वाद नाही. प्रोकोफिएव्हची जागा तर लाजवाब.

पण ज्या धाकधुकीमुळे तुम्ही दूर जाता, तिच्यासाठीच मी एथिस्टकडे जातो. १९९१ साली ड्रमचा एकेक ठोका पडद्यावर बघून जागच्या जागी सरकवायची आजची पद्धत नव्हती. वाजवलं तसं लागलं. चार माणसं आपापल्या क्षमतेच्या टोकावर उभी राहून एकत्र वळण घेतायत, आणि वळणावर क्षणभर एक जण केसभर पुढे असतो, दुसरा केसभर मागे. मग ते पुन्हा जुळतात. ‘एपिटाफ’मध्ये जुळलेलंच असतं. इथे जुळताना ऐकू येतं. मला ते जुळणं ऐकायचं असतं.

मध्यलय, एक तालाचं गणित सांगून ठेवतो, या शैलीतलं काहीही ऐकताना उपयोगी पडेल. समजा रिफ सात मात्रांचा आहे आणि ड्रमरचा वरचा हात चार मात्रांत चाललाय. दोघं एकाच मात्रेवर सुरू झाले तर पुन्हा एकत्र पडायला २८ मात्रा लागतात, म्हणजे रिफ चार वेळा आणि ड्रमचं आवर्तन सात वेळा. मधल्या सगळ्या वेळात कानाला दोन वेगवेगळ्या ठिकाणी ‘सुरुवात’ ऐकू येते. तुम्ही रिफ धरलात तर ड्रम घसरल्यासारखे वाटतात, ड्रम धरलेत तर रिफ. तुमचा ताल सुटतो तो कानाच्या दोषानं नाही, तसं बांधलेलंच असतं. अशा ठिकाणी पायानं ड्रमची मात्रा धरा आणि मान रिफला देऊन टाका. सुरुवातीला अवघड जातं, पण शरीराला हे डोक्याच्या आधी कळतं.

रात्रपाळी

आवाजाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

एथिस्टचा गायक केली शेफरच्या गाण्यात सूर शोधू नका, शब्दांचे ठोके ऐका. डेथ मेटलचा नेहमीचा खोल ग्राउल (गुरगुरता आवाज) असता तर तो बेसच्या जागेत जाऊन बसला असता आणि चारतारी ज्या मोकळ्या अंगणाबद्दल बोलतायत ते बुजलं असतं. शेफरचा आवाज वरच्या पट्टीत, कोरडा, फाटका आहे. तो सिंबल आणि गिटार यांच्यामधून वाट काढतो. रिफ जिथे श्वास घेतो तिथे शब्द पडतात. त्याच्या गाण्यांचे विषयही प्रेतं आणि आतडी यांच्यापलीकडचे आहेत: मन, जाणीव, माणसाचं निसर्गाशी नातं. शब्द समोर ठेवून एकदा ऐका, आवाजाचा राग बराच कमी होईल.

आणखी एक. १९९१ हे मॉरिसाउंड स्टुडिओचं विलक्षण वर्ष होतं. स्कॉट बर्न्सबरोबर त्याच वर्षी तिथे इतर बँडचे अल्बमही झाले: डेथ या बँडचा ‘ह्यूमन’, सफोकेशनचा ‘एफिजी ऑफ द फरगॉटन’ आणि पेस्टिलन्सचा ‘टेस्टिमनी ऑफ द एन्शंट्स’. पेस्टिलन्सच्या अल्बमवर बेसला पुन्हा टोनी चॉयच. ‘ह्यूमन’वर सिनिकचे पॉल मास्विदाल आणि शॉन रायनर्ट. म्हणजे मोजकी माणसं एकमेकांच्या अल्बमांवर वाजवत होती आणि त्यातून ही शैली घडत होती. ‘ह्यूमन’ आणि हा अल्बम पाठोपाठ ऐका. ‘ह्यूमन’च्या मूळ मिक्समध्ये बेस जवळजवळ गडप आहे, २०११च्या नव्या मिक्समध्ये तो वर आलाय. बेस ऐकू येणं न येणं यानं अल्बम किती बदलतो, ते तुमचं तुम्हाला कळेल.

मध्यलय

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे ऐकलं.

‘मदर मॅन’ बेससाठी ऐकल्यावर पहिल्यांदा काय जाणवलं सांगतो. मी ज्याला गिटारचा रिफ समजत होतो त्याचा निम्मा भाग बेस वाजवतोय! गिटार थांबते आणि चाल थांबत नाही, हे मला आधी ऐकूच आलं नव्हतं. मग मी हट्टानं सगळी आठ गाणी तशीच ऐकली. ‘अ‍ॅन इन्कार्नेशन्स ड्रीम’ची सुरुवात, डिस्टॉर्शन नसलेली शांत गिटार, ती मला पूर्वीही आवडायची. पण पुढे बँड उसळून येतो तिथे मी दर वेळी निराश व्हायचो, छान चाललेलं मोडलं असं वाटायचं. आता तसं होत नाही. जड भाग आल्यावरही सुरुवातीची ती हुरहूर बेस सांभाळून ठेवतोय असं मला वाटलं. कदाचित माझी कल्पना असेल, पण मला तसं ऐकू आलं.

पाय ड्रमला आणि मान रिफला हा उपाय दोन-तीन ठिकाणी जमला. जमला तेव्हा एकदम हसू आलं, आनंदानं. बाकी ठिकाणी अजून गळपटतो.

आवाज अजूनही आवडलेला नाही. रात्रपाळींचं म्हणणं पटतं, जागेचा हिशेब कळतो, पण कळणं आणि आवडणं यात अंतर आहे. ‘एपिटाफ’ ऐकला, प्रोकोफिएव्ह लगेच ओळखू आला, सोलो गुणगुणताही येतायत. पण खरं सांगायचं तर संपल्यावर हात पुन्हा एथिस्टकडेच गेला. सहा_आठ, राग मानू नका.

चारतारी, पॅटरसनचे डेमो कुठे ऐकायला मिळतात का? त्याच्या हातून या चाली कशा येत होत्या ते ऐकायचंय.

सहा_आठ

राग कसला! ‘एपिटाफ’ची तीस-बत्तीस मिनिटं गुणगुणता आली ना, माझं काम झालं.

चारतारी

मिळतात. रिलॅप्स या रेकॉर्ड कंपनीनं २००५मध्ये अल्बम पुन्हा काढला, त्यात पॅटरसनच्या बेससह डेमो जोडलेले आहेत. ध्वनिमुद्रण कच्चं आहे, अल्बमच्या सफाईची अपेक्षा ठेवू नका.

एक विनंती. अल्बममधलं गाणं आणि डेमोतलं तेच गाणं लागोपाठ ऐका, पण कोण सरस याचा निवाडा करत बसू नका. मी बराच काळ तेच करत बसायचो आणि त्यात दोघांचंही ऐकणं राहून जायचं. चाल कुठे तीच आहे आणि कुठे चॉयनं स्वतःचा हात फिरवलाय, तेवढं शोधा. स्वर बहुतेक जागी ओळखीचे लागतील. फरक सापडेल तो स्वर सोडण्यात. एक स्वर किती वेळ धरायचा, कधी बोटानं दाबून बंद करायचा, पुढच्यावर जाताना घसरत जायचं की उचलून. बेसवादकाची ओळख तिथे असते.

आणि आवाज आवडला नाही तर नको आवडू दे. माझ्या ओळखीचा एक ड्रमर हा अल्बम कित्येक वर्षं ऐकतोय आणि शेफरचं गाणं त्याला आजही सोसत नाही. तो फ्लिनसाठी ऐकतो. अल्बम संपल्यावर १९९३चा ‘एलिमेंट्स’ घ्या. चॉय त्यावरही आहे, लॅटिन ढंग आणखी मोकळा झालाय, आणि ‘सांबा ब्रिझा’ नावाचा एक तुकडा आहे जो डेथ मेटलच्या अल्बमवर कुणी अपेक्षिणार नाही. फ्लिन मात्र त्यावर नाही. ड्रमला दुसरा माणूस आहे. वरचा हात आता वेगळा आहे हे तुम्हाला आपोआप कळेल, आणि कळलं की इथे लिहा. कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी जाणवलं ते मला वाचायचंय.